बंद कार्गो ट्रेलरचा कॅम्पर करायचा आहे, अनुभवी मंडळींचा सल्ला हवा

घाटवेडा
नमस्कार मंडळी. सिंहगड रस्त्याला राहतो. घरात आम्ही तिघं: मी, बायको आणि नववीतली मुलगी. तिघांनाही डोंगराची ओढ. आजवर तंबूवर भागवलं, पण बायकोला कंबरेच्या दुखण्यामुळे जमिनीवर झोपणं आता जमत नाही. तिनं डोंगर सोडावा हे मला मान्य नाही आणि तिला तर त्याहून नाही.

केटरिंगचा व्यवसाय असलेल्या एका मित्राचा बंद कार्गो ट्रेलर विकायला आहे. आतून ८ फूट लांब, ५ फूट रुंद, साडेपाच फूट उंच. एकच अ‍ॅक्सल, दोन चाकं. आरसीवर रिकामं वजन ३४० किलो, भरलेलं ७५० किलो. बॉक्स पाइपचा सांगाडा, बाहेरून पत्रा, खाली चेकर्ड प्लेट, मागे दोन पाखी दार. आमची गाडी डिझेल एसयूव्ही आहे. तिच्या पुस्तिकेत ट्रेलर ओढायची परवानगी दिली आहे आणि टो-बारही (ट्रेलर जोडायचा मागचा दांडा) बसवलेला आहे.

डोक्यात असं आहे: डबल बेड, वर मुलीला बंक, आतच ओटा, सिंक आणि गॅस, पाण्याची ६० लिटरची टाकी, घरच्या इन्व्हर्टरसारखी १५० एएचची ट्यूब्युलर बॅटरी, जमलं तर छोटा एसी. भिंतींना १२ एमएम प्लाय लावून सगळं घट्ट बसवायचं.

हे पेलेल का? पुण्यात काम कुठे करून घ्यावं? आणि कायद्यानं चालतं का?

टिवल्या
आधी सोसायटीच्या सभेत पार्किंग मंजूर करून घ्या. तो घाट चढलात तर ताम्हिणी काहीच नाही. :)

नऱ्हेकर_फॅब
दादा, माझं फॅब्रिकेशनचं वर्कशॉप आहे, असली कामं येतात माझ्याकडे. बजेट नंतर बोलू, आधी वजन मांडू.

७५० मधून ३४० गेले, राहिले ४१०. बारा एमएमच्या ८ बाय ४ च्या एका प्लायचं वजन साधारण २४ किलो. भिंती आणि छत मिळून पाच शीट जातात. बेड, बंक, ओटा, कपाटं धरली तर आणखी पाच. झाले २४० किलो. ट्यूब्युलर बॅटरी ५५ च्या पुढे. पाणी ६० लिटर म्हणजे ६० किलो. घरगुती गॅसची भरलेली टाकी ३० च्या आसपास. ३८५ झाले. अजून गाद्या नाहीत, भांडी नाहीत, कपडे नाहीत, एसी नाही, तुमच्या तिघांच्या सॅक नाहीत.

म्हणजे घरातून निघतानाच ट्रेलर ओव्हरलोड. प्लायवर हात आवरा, बाकी सगळं जमतं.

मीनल_वारजे
नऱ्हेकर, हा हिशोब पहिल्या दिवशी कुणी सांगत नाही. धागा वाचनखुणेत टाकला.

तात्या_शनिवार
घाटवेडा, मी वाहन चाचणीच्या क्षेत्रात आयुष्य घालवून निवृत्त झालो आहे. नऱ्हेकरांनी वजन किती ते सांगितलं, मी ते कुठे असावं ते सांगतो. माझ्या मते पूर्ण विषयात हीच गोष्ट जिवाशी निगडित आहे.

ट्रेलरच्या एकूण भरलेल्या वजनापैकी १० ते १५ टक्के वजन पुढच्या कपलिंगवर, म्हणजे ट्रेलर जिथे अडकतो त्या गाडीच्या टो-बारवरच्या गोळ्यावर (बॉलवर) आलं पाहिजे. ६०० किलोचा ट्रेलर असेल तर ६० ते ९० किलो. त्याच वेळी टो-बारच्या प्लेटवर जी उभ्या भाराची मर्यादा कोरलेली असते, तिच्या आतही राहायचं. बॉलवरचा भार कमी पडला, म्हणजे माल अ‍ॅक्सलच्या मागे गेला, तर ट्रेलर वेगात डावी-उजवीकडे झोकांड्या देऊ लागतो. वेग वाढेल तशी ही झोकांडी आपोआप थांबण्याची शक्यता कमी होत जाते. एका वेगापर्यंत सगळं सुरळीत वाटतं, मग बाजूनं मोठी बस गेली किंवा पुलावर वारा आला की शेपूट गाडीलाच हलवू लागते.

तसं झालं तर वेग वाढवून ट्रेलर सरळ करायचा प्रयत्न करू नका. स्टिअरिंग उलटसुलट फिरवू नका, करकचून ब्रेकही मारू नका. अ‍ॅक्सिलरेटर सोडा, स्टिअरिंग सरळ धरून ठेवा, वेग आपोआप उतरू द्या. नंतर थांबून सामान पुढे घ्या.

आता तुमच्या आराखड्यात ओटा आणि पाण्याची टाकी कुठे आहे?

घाटवेडा
तात्या, दोन्ही मागच्या दाराजवळ आहेत. दार उघडून बाहेर उभं राहून स्वयंपाक करता यावा म्हणून.

तात्या_शनिवार
कल्पना चांगली आहे, जागा चुकते आहे. ओटा मागे ठेवा पण तो हलका करा. पाणी आणि बॅटरी अ‍ॅक्सलच्या जरा पुढे, जमिनीलगत. जड वस्तू जितकी खाली तितकी वळणावर गाडी सुखात राहते. वरच्या बंकचा लाकडी सांगाडाही याच कारणासाठी मला पसंत नाही.

कोलोरॅडोचा_कोकण्या
मूळ गाव गुहागरजवळ, शिक्षण सीओईपीत, सध्या मुक्काम अमेरिकेत. इकडे कार्गो ट्रेलरचे कॅम्पर लोक घरोघर करतात, त्यामुळे थोडी माहिती.

इथे सुरुवात बहुतेक ६ बाय १२ फुटांच्या बंद ट्रेलरनं होते. कोरा करकरीत मिळतो, बाजूला माणसाचं दार, मागे रॅम्प. अ‍ॅक्सल ३५०० पौंडांचा, म्हणजे जवळपास १५९० किलो. पण कंपनीच्या प्लेटवर बऱ्याचदा एकूण वजन २९९० पौंडच छापलेलं असतं, कारण बऱ्याच राज्यांत ३००० पौंडांच्या वर ट्रेलरला स्वतःचे ब्रेक सक्तीचे होतात. लोक अ‍ॅक्सलचा आकडा बघून माल भरतात आणि फसतात. प्लेटवरचा आकडा हाच खरा.

१९३० च्या दशकापासून इकडे थेंबाच्या आकाराचे छोटे ट्रेलर लोक स्वतः बनवत आले आहेत. त्यात झोपायला फक्त आत जायचं आणि स्वयंपाकघर मागच्या झाकणाखाली, बाहेर. तुमच्या ८ बाय ५ ला तीच मांडणी शोभेल. मोठ्या ट्रेलरच्या व्हिडिओंवरून सिंक, संडास, शॉवर सगळं आत कोंबायच्या फंदात पडू नका.

आणखी एक फरक. इथे राष्ट्रीय वनांच्या बऱ्याच भागात सोयीसुविधा नसलेल्या जागी साधारण १४ दिवस फुकट राहता येतं. आपल्याकडे तशी मोकळीक नाही. रात्री कुठे उभं राहायचं, हा प्रश्न तिकडे आधी सोडवावा लागतो.

डोंगरमाथा
मी विरोधी मत मांडतो, राग मानू नये.

सह्याद्रीत खरी मजा आहे तिथे ट्रेलर जातच नाही. गुंजवण्यापर्यंत जाईल, राजगडावर थोडाच जाणार? साम्रद, पाचनई, रतनवाडी, पावसात या गावांचे रस्ते आठवा. समोरून एसटी आली की अरुंद रस्त्यावर तुम्ही ट्रेलर मागे कसा घेणार? वरंधा घाट पावसाळ्यात जड वाहनांना वारंवार बंद असतो. आणि आधीच पवनेच्या काठी काय झालंय ते आपण बघतोच: स्पीकर, बाटल्या, थर्मोकोलच्या पत्रावळ्या. सोय वाढली की गर्दी वाढते. पाठीवर मावेल तेवढंच घेऊन जावं, देवळात किंवा गावातल्या घरी मुक्काम करावा, तिथलं जेवण जेवावं. चार पैसे गावात राहतात.

मीनल_वारजे
डोंगरमाथा, कचऱ्याबद्दल शंभर टक्के सहमत. बाकीच्याबद्दल नाही.

माझे गुडघे गेले आहेत. आईला घेऊन जायचं तर तिला रात्री दोनदा उठावं लागतं. देवळाच्या ओसरीवर झोपायचं वय आणि शरीर सगळ्यांचं नसतं. बाईला रात्री कपडे बदलायला, पाळीच्या दिवसांत स्वच्छता ठेवायला चार भिंती आणि आतून लागणारी कडी मिळाली, तर ती डोंगरात येऊ शकते. नाहीतर ती घरी थांबते आणि पुरुष एकटे जाऊन येतात. गेली कित्येक वर्षं हेच बघते आहे. घाटवेडांनी बायकोसाठी हे मांडलंय, ते मला फार आवडलं.

त्यांना माझी एक सूचना. कार्गो ट्रेलरची दारं मालासाठी बनवलेली असतात, कड्या फक्त बाहेरून. आतून उघडणारं कुलूप बसवल्याशिवाय त्यात एक रात्रही झोपू नका. बाहेरची कडी कुणी खोडसाळपणे लावली किंवा ती आपोआप पडली तर आतले लोक अडकतील. शिवाय दुसरी वाट हवी: माणूस बाहेर पडेल एवढी खिडकी, दाराच्या विरुद्ध बाजूला.

नऱ्हेकर_फॅब
मीनलताईंचं बरोबर. खिडकी कापताना सांगाड्याचा उभा पाइप कापायचा नाही, दोन पाइपांच्या मध्ये बसवायची. कापावाच लागला तर चारी बाजूंनी नवी चौकट वेल्ड करायची.

डोंगरमाथा
मीनलताई, मुद्दा मान्य. माझं म्हणणं मी सरसकट करायला नको.

कलम_बावन्न
कायद्याचं कुणीच बोललं नाही म्हणून लिहितो. वकिली करतो.

मोटार वाहन कायदा १९८८ मध्ये मोटार वाहनाच्या व्याख्येतच ट्रेलर येतो. म्हणजे त्याची स्वतंत्र नोंदणी लागते, नंबर प्लेट लागते. तुमच्याकडे आरसी आहे, उत्तम. ती आधी स्वतःच्या नावावर करून घ्या. कलम ५२ प्रमाणे आरसीवरच्या तपशिलांशी आणि उत्पादकानं ठरवलेल्या मूळ रचनेशी विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी २०१९ मध्ये केरळच्या एका प्रकरणात हे स्पष्ट केलं. त्याच वर्षीच्या दुरुस्तीनंतर कलम १८२-अ मध्ये अशा प्रत्येक बदलाला पाच हजार रुपये दंड किंवा सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही, अशी तरतूद आली आहे.

म्हणून माझा सल्ला: छत उंच करणं, लांबी वाढवणं, अ‍ॅक्सल बदलणं यातलं काही करू नका. आत सुटं, काढता येणारं फर्निचर ठेवा. खिडकी आणि व्हेंटसाठी पत्रा कापण्याआधी आरटीओत लेखी अर्ज द्या, पोच घ्या. विमा कंपनीलाही लेखी कळवा. ट्रेलरचा विमा गाडीच्या पॉलिसीत आपोआप धरला जाईल असं समजून चालू नका.

महाराष्ट्र सरकारनं २०२१ मध्ये कॅराव्हॅन पर्यटन धोरण आणलं. त्याचा मुख्य भर व्यवसाय करणाऱ्यांवर आणि कॅराव्हॅन पार्कवर आहे. ते वाचून घरी केलेल्या ट्रेलरला आपोआप परवानगी मिळाली असा अर्थ काढू नका.

टिवल्या
म्हणजे आरटीओच्या रांगेतच पहिला मुक्काम. तिथे तरी चहा आत करता येईल.

सुगरण_भोर
चहाचं निघालं म्हणून. बंद ट्रेलरमध्ये गॅस ठेवायचाच कशाला? एलपीजी हवेपेक्षा जड असतो, गळला तर खाली जमिनीवर साचतो, अगदी बेडच्या उंचीला. मी तर म्हणते ५ किलोची लहान टाकी बाहेरच्या पिंजऱ्यात, शेगडी मागच्या दाराच्या फळीवर, आणि जेवणं झाली की रेग्युलेटर काढून ठेवायचा. टाकी आत ठेवायचीच असेल तर जमिनीलगत जाळीचं भोक हवं, ते कधीही बंद करायचं नाही.

आणि थंडी वाजते म्हणून कोळशाची शेगडी आत घेणारे लोक पाहिले आहेत. कृपा करून तसं करू नका. कार्बन मोनॉक्साइडला वास नसतो, झोपेतच माणूस जातो. अलार्म मिळतो, तो लावा. पण अलार्म आहे म्हणून शेगडी आत घेऊ नका.

बाकी माझ्याकडून: पिठलं, तांदळाची भाकरी, लसणाची चटणी. एक तवा, एक पातेलं. डोंगरात यापेक्षा जास्त भांडी लागत नाहीत.

माउली_दिंडी
आमच्या घराण्यात वारी आहे. आळंदीहून पालखी निघते तेव्हा दिंडीचा ट्रक बघा कधी. तंबू, सतरंज्या, शिधा, चूल, माउलींचा फोटो, आजारी म्हाताऱ्यांना बसायची जागा, मागे पाण्याचा टँकर. शेकडो माणसांचा संसार रोज उठतो, रोज मांडला जातो. माझे वडील सामान लावायचे. त्यांचा नियम एकच: मुक्कामी पोचल्यावर जे पहिलं लागतं ते सगळ्यात शेवटी भरायचं. तंबू आणि ताडपत्री दाराशी. शिधा मधे. कपडे तळाशी. पाऊस कोसळत असताना ट्रक अर्धा रिकामा करावा लागला नाही की लोक आशीर्वाद देतात.

घाटवेडा, तुम्ही ताडपत्री बेडखाली ठेवणार असाल तर आत्ताच विचार करा.

घाटवेडा
माउली, बेडखालीच होती. हलवली.

कोलोरॅडोचा_कोकण्या
सुंदर प्रतिसाद, माउली. इथल्या कुठल्याही व्हिडिओत हे ऐकलं नाही.

वीजवाला_तपकीर
विजेवर येतो.

एसी विसरा. छोटा घरगुती एसी हजार वॅटच्या आसपास ओढतो, त्यानं बॅटरी तासाभरात झोपते. पंख्याचा हिशोब करा. १२ व्होल्टचा चांगला पंखा १५ वॅट धरा, रात्रीचे आठ तास म्हणजे १२० वॅट-अवर. एलईडी दिवे २०-३०. तीन फोन, कॅमेरा मिळून ५०-६०. रोजचे २०० च्या आसपास, उदार हातानं ३०० धरा. १०० एएचची लिथियम आयर्न फॉस्फेट बॅटरी १२८० वॅट-अवर देते आणि वजन १२-१३ किलो. ऊन अजिबात नसलं तरी तीन-चार दिवस चालेल. शिसं असलेली बॅटरी निम्म्याखाली उतरवली की तिचं आयुष्य घटतं, म्हणजे वजन चौपट आणि उपयोग अर्धा.

फ्यूज बॅटरीच्या प्लसपासून वीतभर अंतराच्या आत. पुढे कुठे घासून वायर उघडी पडली तर फ्यूज उडेल, नाहीतर प्लाय पेटेल. १२ व्होल्टला करंट जास्त असतो म्हणून वायर जाड घ्या. बुधवार पेठेतली तपकीर गल्ली फिरा, दिवे, वायर, सॉकेट सगळं मिळेल. बॅटरी मात्र वॉरंटी आणि बिल घेऊनच.

मीनल_वारजे
जुन्या बाजाराचं नाव कसं नाही आलं अजून?

नऱ्हेकर_फॅब
जुना बाजार बुधवारी आणि रविवारी. बिजागऱ्या, कड्या, जॅक, ट्रकचे बकल पट्टे, नशीब असलं तर खिडकीची अ‍ॅल्युमिनियम चौकटसुद्धा. टायर आणि बेअरिंग मात्र तिथून उचलायचं नाही, ते नाना पेठेतून नवं. प्लाय भवानी पेठेत टिंबर मार्केटला, हार्डवेअर बोहरी आळीत.

टायरच्या बाजूला चार आकडे असतात, २३१९ असेल तर २०१९ चा तेविसावा आठवडा. ट्रेलरचे टायर झिजत नाहीत, उभे राहून म्हातारे होतात. नक्षी बघून फसू नका.

भिंतीला ४ एमएम प्लाय पुरे, एक शीट ८ किलो. बेडला तेवढा १२ एमएम. खालचा सांगाडा अ‍ॅल्युमिनियम सेक्शनचा. मुलीला लाकडी बंक नको, दोन पाइप आणि मधे कॅनव्हास, दिवसा गुंडाळून ठेवायचं.

ओलावा
(हे नाव या धाग्यासाठीच घेतलं होतं की काय असं वाटतंय.)

पत्र्याच्या डब्यात रात्रभर तीन माणसं झोपली तर श्वासातून आणि घामातून माणशी पाव लिटरच्या आसपास पाणी हवेत जातं. भंडारदऱ्याला डिसेंबरात बाहेर कडाका, पत्रा गार. तीच वाफ पत्र्यावर थंड होऊन पहाटे गादीवर ठिबकते. लोकांना वाटतं छत गळतंय. सिलिकॉन भरत बसतात आणि आत बुरशी वाढत राहते.

उपाय दोन, आणि दोन्ही एकदम करावे लागतात. पहिला, हवा फिरली पाहिजे: एक व्हेंट खाली, एक छताला, रात्रभर उघडे, थंडी असली तरी. दुसरा, गार पत्रा आणि आतली हवा यांचा संबंध तोडायचा. २५ एमएमची एक्सपीएस (कडक फोमची) शीट पत्र्याला सपाट चिकटवा, मागे पोकळी ठेवू नका, सांध्यांना फॉइल टेप. तुमचं पूर्ण काम १२-१५ किलोत होईल. बॉक्स पाइपवरूनही पातळ शीट न्या, नाहीतर पाइपाच्या रेषेत पाणी उमटेल. ग्लासवूल नको, कोकणात एकदा भिजलं की वाळत नाही. रबरी सोल्युशनचा डिंक थर्मोकोल किंवा एक्सपीएसला लावू नका, तो शीट खातो. फोमसाठी वेगळा डिंक मिळतो.

उन्हाळ्यासाठी वेगळं सांगतो. पुण्यात एप्रिलमध्ये पारा चाळिशीजवळ जातो, तेव्हा इन्सुलेशन एकटं पुरत नाही. छत पांढरं रंगवा आणि मुक्कामी वर वीतभर अंतर सोडून ताडपत्री ताणा. पत्र्यावर ऊन पडलंच नाही तर अर्धी लढाई तिथेच जिंकली.

घाटवेडा
ओलावा, तंबूत सकाळी हेच व्हायचं. आता कारण कळलं.

जुन्नरी
रात्री कुठे थांबावं यावर. आमच्या भागात बिबट्या उसात राहतो, हे आता शाळेतल्या पोरांनाही माहीत आहे. माणिकडोहला बिबट निवारा केंद्र आहे. ट्रेलरबाहेर खरकटं टाकलं की कुत्री येतात, कुत्र्यांमागून बिबट्या येतो. खरकटं डब्यात बंद, अंधार पडल्यावर लहान मूल एकटं बाहेर नाही, उसाच्या फडाला लागून मुक्काम नाही.

शेतकऱ्याला विचारून त्याच्या खळ्यावर किंवा अंगणात थांबा. पैसे विचारा, त्यानं नको म्हटलं तर त्याच्याकडून भाजी, दूध, कोंबडी घ्या. राखीव वनात रात्री राहणं वनखात्याच्या परवानगीशिवाय नाही. कासच्या पठारावर तर मुक्कामाचा विचारही नको. कृषी पर्यटन केंद्रं बरीच आहेत, तिथे संडासची सोय असते. एमटीडीसीची निवासं कार्ल्याला, भंडारदऱ्याला, माळशेजला आहेत, आवारात ट्रेलर उभा करू देतात का ते आधी फोन करून विचारा.

डोंगरमाथा
जुन्नरी, हा तुमचा प्रतिसाद वाचून माझा विरोध अर्ध्यावर आला. गावाला विचारून थांबणारा माणूस मला चालतो, तो कशातही झोपो.

निशा_बाणेर
एक भाबडा प्रश्न. चालत्या ट्रेलरमध्ये मुलं बसली तर चालतं का? आमचा धाकटा आत्तापासून हट्ट धरून बसलाय.

तात्या_शनिवार
निशाताई, अजिबात नाही. सीट नाही, पट्टा नाही, चालकाला आवाज पोचत नाही. ट्रेलर हलू लागला की त्यात माणूस असता कामा नये. पाळीव प्राणीसुद्धा नाही.

टिवल्या
धाकट्याला मागे घेताना इशारे करायचं खातं द्या. दोन दिवसांत ट्रेलरचा हट्ट विसरून वाहतूक पोलीस व्हायचं म्हणेल.

तात्या_शनिवार
टिवल्यांनी विषय बरोबर काढला. मागे घेणं मोकळ्या मैदानावर शिकून घ्या. स्टिअरिंगच्या तळाशी हात धरा. ट्रेलरचं ढुंगण ज्या बाजूला न्यायचं, हात त्या बाजूला सरकवा. हळू, थोडं थोडं. गाडी आणि ट्रेलर यांच्यात कोन फार झाला की पुढे जाऊन सरळ करा आणि पुन्हा सुरू करा, अडून बसू नका.

घाटात उतरताना, विशेषतः ताम्हिणी आणि आंबेनळीत, सुरुवातीपासूनच खालचा गिअर. तुमच्या ट्रेलरला ब्रेक नसतील तर त्याचं सगळं वजन गाडीच्या ब्रेकवर येतं. ओव्हररन ब्रेकचा अ‍ॅक्सल मिळतो: गाडी मंदावली की ट्रेलर पुढे रेटतो आणि त्या रेट्यानंच त्याचे ब्रेक लागतात. पण तो बसवणं हा बदल झाला, त्यामुळे वकीलसाहेबांनी सांगितलं तसं आधी विचारून. साखळ्या दोन, कपलिंगखाली फुलीसारख्या. कपलिंग सुटलं तर दांडा रस्त्यात न घुसता साखळ्यांवर पडतो.

घाटवेडा
मंडळी, बरेच दिवस गप्प होतो, कारण काम चालू होतं. आता मूळ प्रश्नावर येतो.

ट्रेलर घेतला, आरसी नावावर झाली. आरटीओत अर्ज दिला, उत्तर लेखी आल्यावरच एक खिडकी आणि दोन व्हेंट कापले. विमा कंपनीला पत्र दिलं. एसी, सिंक, बंक, मोठी टाकी, सगळं यादीतून गेलं. आत आता फक्त बेड, कॅनव्हासची खाट, पंखा, दिवे. शेगडी मागे फळीवर. पाण्याचे २० लिटरचे दोन जार. दार आतून उघडतं. बायको परवा दुपारी त्यात तासभर झोपली आणि कंबर दुखली नाही.

चाकणच्या रस्त्यावरच्या वजनकाट्यावर सगळं भरून नेला: ५९० किलो. कपलिंगखाली लाकडी ठोकळा आणि घरचा वजनकाटा ठेवून मोजलं: ४८ किलो. टो-बारच्या प्लेटवर मर्यादा ७५ लिहिली आहे. बॅटरी सध्या मागच्या कोपऱ्यात आहे, वीजवाल्यांना वायर तिथून सोपी पडली. एक जारही मागेच आहे. हे चालेल का?

तात्या_शनिवार
५९० ला ४८ म्हणजे ८ टक्के. कमी आहे. तुम्हाला ६० ते ७५ च्या मध्ये यायचं आहे. बॅटरी १३ आणि जार २०, मिळून ३३ किलो. ते किती पुढे नेता येतील आणि अ‍ॅक्सलपासून कपलिंगपर्यंत अंतर किती आहे?

घाटवेडा
दीड मीटर पुढे नेता येतात, बेडच्या डोक्याकडच्या कप्प्यात. अ‍ॅक्सल ते कपलिंग २.४ मीटर.

तात्या_शनिवार
३३ गुणिले दीड, भागिले २.४. साडेवीस किलोची भर पडेल. ६८ च्या आसपास याल. मोजताना ट्रेलर सपाट हवा आणि ठोकळ्याची उंची गाडीच्या बॉलएवढी हवी. वाटेत पाणी संपेल तसा आकडा बदलेल, म्हणून दोन जारांपैकी जो जास्त मागे असेल तो आधी वापरा, दुसरा नंतर.

घाटवेडा
दोन्ही हलवले. ६७ आला. शनिवारी पानशेत, ओळखीच्या शेतावर मुक्काम.

नऱ्हेकर_फॅब
निघताना पाना बरोबर घ्या दादा. पहिल्या पन्नास किलोमीटरनंतर चाकाचे नट पुन्हा आवळायचे. आणि प्रत्येक थांब्यावर हबला (चाकाच्या मधल्या भागाला) हात लावून बघा, एक बाजू दुसरीपेक्षा जास्त तापली असेल तर बेअरिंग बोलतंय, तसंच पुढे जाऊ नका.